दलालाची तक्रार आणि शब्दाची पत

मराठीत 'पत' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. पैसा वेगळा आणि पत वेगळी, हे आपल्या बाजारपेठेतील निरक्षर माणसालाही कळते. पैसा आज असतो, उद्या नसतो. पत मात्र वर्षानुवर्षे शब्द पाळून मिळवावी लागते आणि एका दिवसात जाते. प्रश्न असा, की जिथे व्यापारी दिसत नाही, दुकान दिसत नाही आणि वही उघडून पाहता येत नाही, तिथे पत कशावर मोजायची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी मुद्दामच एक बदनाम धंदा निवडला आहे. तो म्हणजे ऑनलाइन पोकर आणि त्यातील दलाली. विषय पाहून काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला जाणीव आहे. परंतु नीतीची खरी परीक्षा सज्जनांच्या सभेत होत नाही, ती अशाच ठिकाणी होते.

प्रथम हा व्यवहार समजून घेऊ. पोकर हा पत्त्यांचा खेळ. आपल्या तीनपत्तीच्या गोतातला. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. खेळ भरवणारी कंपनी स्वतः पत्ते हाती घेत नाही. प्रत्येक डावातून थोडा हिस्सा कापून घेते. जुगाराच्या अड्ड्यावर याला 'नाल' म्हणतात, ऑनलाइन जगात 'रेक' म्हणतात. साहजिकच जितके खेळाडू जास्त, तितकी नाल जास्त. म्हणून कंपन्या खेळाडू आणून देणारे दलाल नेमतात. त्यांना 'ॲफिलिएट' असे गोंडस नाव आहे. दलालाला एक सांकेतिक कोड मिळतो आणि त्या कोडवरून जो खेळाडू आत येईल तो त्याच्या खात्यावर लिहिला जातो. मोबदल्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एक, दर डोई ठरलेली रक्कम. दुसरी, त्या खेळाडूकडून कंपनीला मिळणाऱ्या उत्पन्नात टक्केवारी, आणि तीही पुष्कळदा 'खेळाडू खेळतो आहे तोवर', म्हणजे आजीवन.

दलालाने वर्षभर खपून लेख लिहावेत, डाव समजावून सांगावेत, माणसे जमवावीत, आणि त्याचे फळ पुढे कित्येक वर्षे महिन्याच्या महिन्याला मिळावे, असा हा करार. ऐकायला किती न्याय्य वाटतो! पण कराराच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कलम असते: कंपनीला या अटी केव्हाही बदलता येतील. मग एके दिवशी टक्केवारी कमी होते. ती नव्या खेळाडूंपुरती कमी झाली तर तक्रार नाही. पण जुन्या, आधीच आणून दिलेल्या खेळाडूंवरही नवा दर लागू होतो. कधी 'आजीवन'चे आयुष्य अचानक संपते. कधी किमान इतके नवे खेळाडू आणले नाहीत म्हणून जुने उत्पन्न गोठवले जाते. कधी नुसतेच मौन. पत्राला उत्तर नाही. आणि सर्वांत मोठी गोम अशी, की हिशेबाची वही एकाच पक्षाच्या हातात असते. खेळाडू किती खेळला, नाल किती कापली गेली, हे कंपनी दाखवील तेवढेच दलालाला दिसते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. दिलेला शब्द एकाच बाजूला मनाला येईल तेव्हा बदलता येत असेल, तर तो शब्दच नव्हे. ती केवळ मर्जी आहे. मर्जीला 'करार' हे नाव देणे हीच पहिली फसवणूक. पैसे बुडणे हा तिचा पुढचा भाग.

शब्द केव्हा टिकतो आणि केव्हा मोडतो, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने 'पोकरस्टार्स', 'फुल टिल्ट पोकर' आणि 'ॲब्सोल्यूट पोकर' या तीन मोठ्या कंपन्यांवर एकाच दिवशी कारवाई केली. दिवस तोच, संकट तेच. पण पोकरस्टार्सने खेळाडूंच्या ठेवी धंद्याच्या पैशापासून वेगळ्या ठेवल्या होत्या. तिने काही आठवड्यांतच अमेरिकी खेळाडूंचे पैसे परत करायला प्रारंभ केला. फुल टिल्टची तिजोरी मात्र पोकळ निघाली. सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलेल्या आकड्यांनुसार, मार्च २०११ अखेर कंपनी जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होती आणि बँकेत होते अवघे ६ कोटी डॉलर. त्याआधीच्या चार वर्षांत संचालक व मालक यांच्यात मात्र ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली होती! खेळाडूंबरोबर दलालांचेही पैसे अडकले. पुढे २०१२ मध्ये पोकरस्टार्सनेच सरकारशी तडजोड करून फुल टिल्टची मालमत्ता घेतली, तेव्हा कुठे परतफेडीची वाट मोकळी झाली. तरीही अमेरिकी खेळाडूंच्या हाती पहिला पैसा पडायला फेब्रुवारी २०१४ उजाडला.

पोकरस्टार्सचे मालक साधुसंत होते आणि फुल टिल्टचे तेवढे खलपुरुष, असे मला मुळीच सुचवायचे नाही. दोघांवरील आरोपपत्र एकच होते. फरक एवढाच, की एकीकडे दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याचा म्हणून बाजूला ठेवला होता, दुसरीकडे तो आपलाच समजून वाटून खाल्ला. संकटाच्या दिवशी शब्द टिकवला तो या व्यवस्थेने.

येथे कोणी म्हणेल, पैसे बुडाले तर न्यायालयात जावे. पण दलालाला तीही वाट मोकळी नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो. त्यावर दावा चालत नाही. आपल्या मुंबई प्रांतात तर त्याहून जुना, १८६५ चा तिसरा कायदा होता. त्याने पैजेच्या व्यवहाराला पूरक असणारे करारही निरर्थक ठरवले आणि असा व्यवहार जाणूनबुजून जुळवून देणाऱ्याच्या दलालीसाठी न्यायालयाची दारे बंद केली. घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक दाखवला आहे: इतरत्र पैजेचा करार निरर्थक असला तरी त्याला जोडून केलेला करार तेवढ्याने बेकायदा ठरत नाही, मुंबईच्या कायद्याखाली मात्र तोही निरर्थक. पोकर हे कौशल्य की पैज, यावर वकील पुष्कळ वर्षे भांडले. पण मला नवल वाटते ते दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायदेकर्त्यांचे. त्यांनी ॲप पाहिले नव्हते, पण दलाल नक्कीच पाहिला होता!

मग 'चोरावर मोर' म्हणून आपण हसून सोडून द्यावे काय? आमच्या वर्गात ही चर्चा निघाली तेव्हा बहुतेकांचे मत असेच पडले. मला ते मान्य नाही. जिथे न्यायालय पोहोचत नाही तिथेच शब्दाची किंमत कळते. बेलिफाच्या भीतीने पैसे चुकते करणाऱ्याला फार तर हिशेबी म्हणता येईल. म्हणून दलालाची तक्रार मी खरी मानतो.

परंतु त्याच न्यायाने दलालालाही एक प्रश्न विचारला पाहिजे. कंपनीने तुला शब्द दिला, तसा तूही कुणाला तरी दिला होतास ना? 'पैसे सुरक्षित आहेत, मागताक्षणी मिळतात,' असे खेळाडूला तूच सांगितलेस. ते तपासून पाहिले होतेस काय? टक्केवारी घेतली म्हणजे जबाबदारीचीही टक्केवारी आली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील बाजार समितीच्या आवारात माथाडी हमाल आहेत. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. हमालाची मजुरी पूर्वी टोळीवाल्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या मर्जीवर असे, हे आजोबांच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो. कै. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ चा माथाडी कायदा आला आणि मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची. मंडळांचा कारभार निर्दोष आहे असे माझे वडीलही म्हणत नाहीत. पण पैसा तिसऱ्या हातात आणि हिशेब दोघांच्या डोळ्यांसमोर, हे तत्त्व पोती वाहणाऱ्या माणसांनी झगडून मिळवले. संगणकाच्या जगातल्या हुशार लोकांना ते सुचू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०२५ पर्यंत आमच्या वसतिगृहातही असे कोड फिरत होते. एका मित्राने अशाच एका ॲपवर काही मुले आणली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैशांचे खेळ बंद पडले. पैसे लावून खेळ चालवण्यास तीन वर्षांपर्यंत आणि त्यांच्या जाहिरातीस दोन वर्षांपर्यंत कैद त्यात सांगितली आहे. मित्राची आधीची दलाली राहिली ती राहिलीच. पुढचे उत्पन्न कायद्याने बंद झाले, त्याला कंपनीचा इलाज नाही. पण कायद्यापूर्वी मिळवलेले देणे हे देणेच आहे, असे मी त्याला सांगितले. तो खूश झाला. मग मी विचारले, "तुझ्या शब्दावर आत आलेल्या दोघांचे खाणावळीचे पैसे गेले, त्यांचे काय?" त्यावर तो काही बोलला नाही.

विद्यार्थिमित्रहो, पोकर बंद झाला तरी कोड बंद झालेले नाहीत. उद्या क्लासचे, कर्जाच्या ॲपचे, आणखी कशाचे तरी 'मित्र आणा, कमिशन मिळवा' आपल्यापुढे येईल. तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. केलेल्या कामाचा दर मागाहून बदलता येतो काय? हिशेबाची वही मला पाहता येते काय? पैसा कोणाच्या हातात आहे? आणि या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरी चौथा प्रश्न स्वतःला विचारावा: मी ज्याला आत नेतो आहे, त्याचे बुडाले तर त्याच्या दारात उभे राहण्याची माझी तयारी आहे काय? ती नसेल तर त्या कमिशनला हात न लावणेच बरे. आपल्यासारख्यांच्या घरात वडिलोपार्जित पैसा नाही. जी काही आहे ती पतच.

— द्वितीय वर्ष, कला शाखा