अंदाज चुकतो तेव्हां

मृग जवळ आला कीं घरोघरीं एकच चर्चा सुरू होते. वडील मंडळी पंचांग उघडून नक्षत्राचें वाहन बेडूक कीं घोडा हें पाहतात, मुलें वेधशाळेचा अंदाज वाचून दाखवितात; आणि दोन्ही भाकितें चुकलीं म्हणजे हंशा पिकतो. या हंशाविषयींच आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

वेधशाळेची चूक ही नेहमींच हयगयीची नसते; तिचें मूळ वातावरणाच्या स्वभावांत आहे. १९६१ सालीं अमेरिकेंत एडवर्ड लोरेन्झ हे शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचें गणित करीत असतां त्यांनीं ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं नुसता ०.५०६ घातला. आरंभीं नवें गणित जुन्याशीं जुळलें. पुढें मात्र दोहोंचा कांहींएक संबंध उरला नाहीं. हवेचें मोजमाप कितीहि बारकाईनें केलें तरी राईएवढी चूक राहतेच, आणि दिवसागणिक तिचा पर्वत होतो. म्हणूनच सुमारें दोन आठवड्यांपलीकडे अमुक दिवशीं अमुक गांवीं पाऊस पडेल असें नेमकें सांगतां येत नाहीं.

सबंध हंगामाचा अंदाज सावकाश बदलणाऱ्या समुद्राच्या उष्णतेवरून बांधतात. प्रशांत महासागर तापला, म्हणजे ‘एल निनो’ झाला, कीं आपला पाऊस बहुधा उणा पडतो. परंतु १९९७ सालीं तो विलक्षण तापूनहि आपल्याकडे सरासरीइतका पाऊस झाला. उलट २००२ सालीं साधारण पावसाचें भाकीत असतां जुलैंत देशभर सुमारें निम्माच पडला. स्थळाचेंहि तेंच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच मुंबईंत कुलाब्यास पाऊणशेंहि नाहीं!

मग अंदाजाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. घरांचीं छपरें उडालीं, नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. परंतु सूचना आगाऊ मिळाल्यामुळें हजारों माणसें सुरक्षित जागीं हलवितां आलीं. वादळाची वाट कांहीं दिवस आधीं बरीचशी कळते. त्याचा जोर किती वाढेल हें सांगणें अधिक कठीण.

छत्री फुकट वागविली तर आपलें कांहीं जात नाहीं. परंतु ‘मागच्या खेपेस कोठें कांहीं झालें?’ असें म्हणून जो कोळी होडी लोटतो, त्याच्या घरीं वाट पाहणारीं माणसें असतात. म्हणून घरांतील वडिलांनीं मुलांस एवढें समजवावें कीं, अंदाज हें वचन नव्हे, संभव होय. आपल्या ज्ञानाची सीमा जें शास्त्र स्वतः सांगतें, त्याची सूचना हंसण्यावारी नेण्यांत शहाणपण नाहीं. दहा वेळां घेतलेली सावधगिरी नऊ वेळां व्यर्थ गेली, तरी दहाव्या वेळीं तिनें एक जीव वांचविला म्हणजे ती भरून पावली, असें आम्ही समजतों.