पाण्याखाली जायचंय, पण पोटात ढवळतंय!



या सदराकडे येणारी पत्रं बहुधा लोणच्याला बुरशी का येते, नाहीतर जावेशी कसं जमवून घ्यावं, अशी असतात. या वेळी मात्र सारंगखेड्याहून एक पत्र आलं आणि मी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. या भगिनीला स्कूबा डायव्हिंग शिकायचं आहे!

तापीकाठचं सारंगखेडा म्हटलं की आपल्याला आठवतो एकमुखी दत्त आणि दत्तजयंतीचा घोडेबाजार. समुद्र तिथून कितीतरी लांब. पण ही भगिनी यजमान आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीबरोबर मालवणला गेली होती. होडीत बसल्यापासूनच तिला मळमळत होतं. पण पैसे भरलेले, लेक आनंदात, सगळ्यांचा विरस कशाला करायचा म्हणून ती गप्प राहिली. पाठीवर टाकी चढली, तोंडात नळी गेली, डोकं पाण्यात घातलं मात्र, छाती अशी धडधडू लागली की ती तशीच वर आली आणि होडीच्या काठावर भडाभडा ओकली. घरी त्याची थट्टा झाली, ती अजून चालू आहे. आता लेक म्हणते, “आई, आपण दोघी नीट शिकू या.” हिलाही जायचंय. पण तिचा प्रश्न असा, की मी मुळातच भित्री आहे का?

नाही हो, मुळीच नाही! मळमळ आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा दुसरीला हातभार लागतो, एवढंच. म्हणून दोघींचा बंदोबस्त वेगवेगळा करायचा.

आधी पोटाचं पाहू. तोरणमाळचा घाट चढताना गाडी लागते ना, तशीच बोट लागते. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, ‘आपण हलतोय.’ डोळे समोरची फळी पाहून सांगतात, ‘छे, सगळं स्थिर आहे!’ या भांडणात पोट बिचारं ढवळून निघतं. यात धैर्याचा काही संबंध नाही. इंग्लंडचा नामांकित दर्यासारंग नेल्सन याला जन्मभर बोट लागत असे. डार्विनसाहेब 1831 ते 1836 अशी पाच वर्षं ‘बीगल’ जहाजातून हिंडले, तेही मळमळ सोसतच.

मग करायचं काय? आदल्या दिवशी झणझणीत शेवभाजी आणि जागरण, दोन्ही टाळा. पण उपाशीपोटीही जाऊ नका. दोनएक तास आधी पोळी, इडली, केळं असं हलकं खा. पाणी घोट घोट पीत राहा. आल्याचा तुकडा किंवा आलेपाकाची वडी जवळ असू द्या, पुष्कळजणींना त्यानं आराम पडतो. होडीत मध्यावर बसा, इंजिनाच्या धुरापासून दूर. खाली वाकून पिशवीत शोधाशोध करू नका, लांब जिथे आभाळ पाण्याला टेकतं तिथे नजर ठेवा.

मळमळीच्या गोळ्यांचं मात्र जपून. अ‍ॅव्होमिनसारख्या गोळीनं झोप येते, आणि पेंगुळलेल्या माणसानं पाण्याखाली जाणं धोक्याचं. बसच्या प्रवासाला चालली म्हणून इथेही चालेल असं धरून चालू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मला डायव्हिंग करायचं आहे, आणि ते म्हणतील तसंच करा.

लाटांचं हेलकावणं वरच्या थरात जास्त असतं. थोडं खाली गेलं की ते कमी होतं आणि किंचित मळमळ पुष्कळदा आपोआप थांबते. पण उलट्या सुरू झाल्या असतील तर त्या दिवशी जाऊच नये. आणि समजा, खालीच उमळून आलं तर? तोंडातला रेग्युलेटर काढायचा नाही! त्यातच उलटी करायची, ती बाहेर पडायची वाट त्याला असते. मग त्यावरचं बटण दाबलं की हवेच्या झोतानं तो स्वच्छ होतो. हे शिक्षकांकडून आधी शिकून घ्या. कसंसंच वाटतं ऐकायला, पण ठाऊक असलं की निम्मी धास्ती जाते.

आता भीतीबद्दल. तुमच्या गावच्या बाजारात नवं शिंगरू कुणी पहिल्याच दिवशी ढोलताशांत ओढत नाही. आधी मोकळं मैदान, मग थोडी माणसं, मग गर्दी. स्वतःलाही तेवढीच सवड द्या. पहिली तयारी घरी. पसरट टोपात पाणी घ्या, स्नॉर्केलची नळी तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि तोंडानं सावकाश श्वास घ्या. नाकाला पाणी लागत असताना तोंडानं श्वास घेता येतो, हे मनाला पटायला आठवडा लागला तर लागू द्या. लेकीला शेजारी उभं करा. रात्री अंथरुणावर पडल्यावर चार अंक मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. घाबरलं की श्वास उथळ नि भरभर होतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटतं आणि भीती आणखी वाढते. हा फेरा लांब उच्छ्वासानं तुटतो.

सरावाला तापीत मात्र उतरू नका. बॅरेजचं पाणी आहे, केव्हा वाढेल नेम नाही. पोहण्याच्या तलावात, शिकवणाऱ्याच्या नजरेखालीच जा.

पर्यटक म्हणून अर्ध्या तासात डुबकी मारून येणं वेगळं आणि शिकणं वेगळं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकण्यासाठी खोल तलाव आहे. घाबरणारीनं तलावापासूनच सुरुवात करावी. पहिल्या पायरीच्या अभ्यासक्रमात साधारणपणे 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं यावं लागतं, आणि तो पुरा झाला की 18 मीटरपर्यंत जाता येतं. पावसाळ्यात समुद्रातलं हे सगळं बंद असतं, तेव्हा ते महिने पोहणं शिकण्यात घालवा.

तीन नियम पदराला गाठ मारून ठेवा. एक, पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. दोन, 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणून कान दुखायची वाट न पाहता, उतरायला लागल्यापासूनच नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकलायची. तीन, अंगठा वर केला म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर जायचंय’! ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वाटोळं करायचं.

दिवस गेले असतील, नुसती शंका असली तरी, हे धाडस नको. दमा, हृदयविकार, फिट्स असतील तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. तिथे भरायच्या फॉर्मवर काही लपवू नका. सर्दीनं कान दडले असतील तर तो दिवस सोडा. मासिक पाळीचं मात्र बंधन नाही, तुम्हाला त्रास होत नसेल तर खुशाल जा.

आणि आता सारंगखेड्याच्या माझ्या भगिनीला थोडं कानात सांगते. बाई, तुमचं चुकलं ते घाबरण्यात नाही, गप्प राहण्यात. आपल्या बायकांना सवयच असते. डोकं दुखतं, कंबर धरते, पण पाहुणे जाईपर्यंत तोंडातून शब्द नाही. जमिनीवर हे खपून जातं, पाण्याखाली नाही. तिथे सोबतच्या माणसाला तुमचं दुखणं खुणेनंच कळणार, आणि खूण तुम्हीच करायला हवी. डायव्हिंग करणाऱ्यांत एक चांगला रिवाज आहे: कुणीही, केव्हाही, कारण न देता ‘आज नको’ म्हणू शकतं, आणि त्याबद्दल कुणी हसत नाही. पैसे बुडाले तर बुडू द्यात!

तेव्हा लेकीबरोबर जरूर जा. निघण्यापूर्वी तिला आणि यजमानांना एवढंच सांगा, “मला मळमळलं तर मी लगेच सांगणार आहे, आणि वर यावंसं वाटलं तर येणार आहे.” एवढं बोलता आलं की अर्धी भीती तिथेच ओसरेल.

खाली गेलात तरी कळवा, नाही गेलात तरी कळवा. पत्राची वाट पाहते.