बटाटा ताटात नको, मग कागदावर कशाला?



भेटवस्तूचा कागद घरी, हाताने ठसे उमटवून करावा, या मताची मी आहे. म्हणूनच आज जरा भांडायला बसले आहे. शाळेचा प्रकल्प असो, उन्हाळी शिबिर असो की मोबाईलवरचा व्हिडिओ, ठशांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: एक बटाटा घ्या आणि मधोमध कापा. आता हे आपल्या पाठशाळांच्या शिबिरांतही शिरलं आहे. कंदमूळ का खायचं नाही हे ज्या मुलांना सकाळच्या वर्गात शिकवलं, त्यांच्याच हातात दुपारी अर्धा बटाटा आणि सुरी! मुलं विचारत नाहीत, पण सगळं बघत असतात.

मी हटकलं तेव्हा मला उत्तर मिळालं, "काकू, खायचा कुठे आहे? नुसता ठसा तर उमटवायचा."

हे उत्तर मला मान्य नाही. बटाटा आपण चवीसाठी सोडलेला नाही. एका शरीरात अनंत जीव, म्हणून सोडला. ते जीव घास तोंडात जाताना असतात आणि सुरीखाली नसतात, असं तर नाही ना? उलट खाणाऱ्याजवळ भुकेचं कारण तरी आहे. ठसा उमटवणाऱ्याजवळ तेही नाही.

आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वाध्यायात वाचला आहे. त्यात अनर्थदंडव्रत सांगितलं आहे. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही साधत नाही असं पाप. त्याच्या पाच प्रकारांत एक प्रमादचर्या. विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं आणि विनाकारण वनस्पती तोडणं, हे सगळं तिच्यात येतं. खेळासाठी चिरलेला बटाटा याहून वेगळा कसा, हे कोणी मला समजावून सांगावं.

दुसऱ्या मैत्रिणी म्हणतात, मग भेंडी घ्या, ती तर आपण खातो. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं सुरेख फूल उमटतं, हे खरंच. पण नियम "खाण्याजोगं चालेल" असा नाही, "विनाकारण तोडू नये" असा आहे. रंगात बुडवलेली भेंडी कोणी खात नाही, ती केरात जाते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणाऱ्या घरात त्याच दिवशी ठशासाठी भेंडी चिरायची का? स्वयंपाकाची भाजी चिरताना निघालेलं देठ वापरलंत तर माझी हरकत नाही. ते तोडून झालेलंच असतं.

तिसरा पक्ष म्हणतो, एवढी कटकट कशाला, दुकानातून चकचकीत कागद आणा. त्यातले बरेच कागद मुळात कागद नसतातच. मुठीत घट्ट चुरगळून सोडून बघा. पुन्हा आपोआप उलगडला तर समजा प्लास्टिक. रद्दीवाला तो घेत नाही, चुलीत घालावा तर घाण धूर. मी वाणिज्य शाखेची, हिशोब केल्याशिवाय बोलत नाही. एक ताव 20 रुपयांचा धरला आणि लग्न, वास्तू, डोहाळजेवण, दिवाळी मिळून वर्षाला 40 भेटी धरल्या, तर 800 रुपये झाले. दोन मिनिटांत फाडून फेकायच्या वस्तूसाठी! घरचा ठसा हा भांडवली खर्च आहे. एकदा करा, वर्षानुवर्षं वापरा, आणि घसारा जवळजवळ शून्य.

मग ठसे करायचे कशाचे? घरात पडून असलेल्या वस्तूंचे. मुलांचं झिजलेलं खोडरबर घ्या. त्यावर पान किंवा कोयरी काढून भोवतालचा भाग ब्लेडने उतरवा. अक्षर कोरायचं असेल तर ते उलटं कोरावं लागतं. पातळ कागदावर पेन्सिलीने गडद लिहा, तो कागद रबरावर पालथा घालून घासा, अक्षर आपोआप उलटं उतरतं. बाटलीच्या झाकणावर सुतळी गोल गुंडाळून चिकटवली की चक्र तयार. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचा वरचा थर सोलला की खालच्या नागमोडी थराच्या छान रेघा उमटतात. सफरचंदावर येते ती फोमची जाळी लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, जाळीचीच नक्षी मिळते.

रंगासाठी एका चपट्या झाकणात जुन्या सुती साडीची चौपदरी घडी ठेवा आणि तिच्यावर पोस्टर कलर थोड्या पाण्यात कालवून पसरा. घडी ओलसर हवी, चिंब नको, नाहीतर नक्षी फिसकटते. कागदाखाली टॉवेलची घडी घाला. ठसा सरळ दाबा, सरळच उचला. हळद मैद्याच्या खळीत कालवूनही छान पिवळा रंग होतो, फक्त तो उन्हात उडतो. खळ मात्र त्या दिवशीची ताजी असावी आणि सूर्यास्तापूर्वी संपवावी. शिळ्या खळीत जीव होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

ठशांचा आणखी एक फायदा, ब्रश लागत नाही. मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे चोरून विकले जातात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, तरीही. चिकटवायलाही खळच वापरा. जुना सरस जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करत. बांधायला रेशमी फीत नको, सुती दोरा घ्या.

कोणी म्हणेल, कागदही झाडाचाच ना? बरोबर. म्हणून आधी घरातला कागद संपवा. वाण्याच्या खाकी पिशव्या, पार्सलमध्ये भरून आलेला तपकिरी कागद, एका बाजूने कोरे तक्ते. विकतच घ्यायचा तर हातकागद घ्या. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही.

एक विनंती मात्र हात जोडून. ठशात स्वस्तिक, ॐ किंवा णमोकारातली अक्षरं कोरू नका. घेणारी व्यक्ती कागद फाडणार, तो पायाखाली येणार, आणि अविनयाचं पाप मात्र आपल्या माथी. पान, कोयरी, ठिपके, रेघा पुष्कळ झाल्या.

पर्युषणाआधीच्या महिला मंडळाच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे: पाठशाळेच्या शिबिरात ठसे शिकवावेत, बटाटा बंद. ज्यांना पटत नाही त्यांनी समोर येऊन जरूर वाद घालावा. आणि ज्यांना पटतं त्यांनी येताना घरातलं झिजलेलं खोडरबर, झाकणं आणि सुतळी घेऊन यावं. ठसे तिथेच करू.