नाटकाचे भित्तिपत्रक कोणासाठी?

नाटकाचे तिकीट काढणारे थोडे असतात. त्याचे भित्तिपत्रक पाहणारे पुष्कळ. बसच्या रांगेतील कामगार, पाळी संपवून घरी निघालेली परिचारिका, यांपैकी अनेकांचा नाट्यगृहाशी येणारा संबंध एवढाच. सामाजिक प्रश्नावरील नाटक ज्यांच्याविषयी बोलते, त्यांच्याशी ते प्रत्यक्ष बोलते ते बहुधा या कागदावरच. तेव्हा भित्तिपत्रकाला केवळ तिकीटविक्रीचे साधन समजणे हा नाटकावरच अन्याय होय.

मराठी व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत बहुधा नटनटींचे चेहरे असतात. विषय कोणताही असो, मांडणी तीच. निर्मात्याची अडचण खरी आहे, चेहऱ्यांवर तिकिटे खपतात. परंतु चळवळीतील मंडळी तरी वेगळे काय करतात? वळलेली मूठ, तुटलेली साखळी, गिरणीचे धुराडे. ही चिन्हे एके काळी बोलत होती. आता ती पाहणाऱ्याची विचारातून सुटका करतात.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे २.५ लाख गिरणी कामगारांच्या संपाची राख या नाटकात आहे. पण ते गिरणीच्या दरवाजाशी घडत नाही. आई, तीन मुलगे आणि एक मुलगी यांच्या चाळीतील खोलीत घडते. संप घरात शिरला, भावंडांच्या बोलण्यात शिरला, हा त्याचा आशय. त्यासाठी धुराडे काढणारा चित्रकार विषय सांगतो, नाटक सांगत नाही. ती खोली, तिच्यातील न पुरणारी जागा, कागदावर यावयास हवी. शिवाय गिरणगावातील एखादे धुराडे आज मॉलच्या आवारात शोभेला उभे आहे. ज्या चिन्हाचा ताबा मालकाने घेतला, त्याच्या भरवशावर कामगाराचे दुःख कसे सांगणार?

नाटकाच्या गाभ्याशी जाणे म्हणजे काय, हे पोलिश चित्रकार यान लेनित्सा याने १९६४ मध्ये ‘वोत्सेक’च्या भित्तिपत्रकात दाखविले. ग्येओर्ग ब्यूख्नरच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकावरून आल्बान बेर्गने रचलेली ही संगीतिका. तिचा नायक गरीब शिपाई. कप्तानाची दाढी करतो, चार पैशांसाठी डॉक्टरच्या प्रयोगाला देह देतो आणि अखेर आपल्याच स्त्रीचा खून करतो. सुरी, गणवेश, प्रेत, सारे चित्रकाराच्या हाताशी होते. त्याने यांतले काहीच घेतले नाही. तांबड्या रंगात एक उघडे तोंड, आणि पाण्यावरील तरंगांप्रमाणे त्याच्याभोवती पसरत जाणाऱ्या रेषा. किंकाळी कोणाची, मारणाऱ्याची की मरणारीची, हेही चित्र सांगत नाही. गुन्हा एकट्या शिपायाचा नव्हे, हे मात्र पाहणाऱ्याला जाणवते. १९६६ मध्ये वॉर्साच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय भित्तिपत्रक द्वैवार्षिकीत या कृतीचा गौरव झाला. पोलंडमध्ये तेव्हा नाट्यगृहे सरकारी होती, तिकीटविक्रीचा ताण चित्रकारावर कमी होता. सेन्सॉरची नजर होती ती निराळीच.

येथील चित्रकाराकडे अनेकदा नाटकाचे नाव, छायाचित्रे आणि प्रयोगाची तारीख एवढेच पोचते. त्याला संहिता द्यावी, तालमीला बसवावे. छपाईला पैसा नाही ही सबब फारशी टिकत नाही. दोन रंगांतही पुष्कळ साधते. कलाकारांच्या नावांची जागा मात्र आखडावी लागेल, आणि खरा वाद तेथेच होईल.