शिकायला सीमा नाही, नोकरीला आहे: धारवाडच्या फॉरेन्सिक शिक्षणाचा सीमाभागाला फायदा किती?

हुबळी-धारवाड : पीयूसीचा निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांत एकच विषय असतो, पोरानं पुढं काय करायचं? इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.कॉम. ही ठरलेली उत्तरं. आता त्यात फॉरेन्सिकचीही भर पडली आहे. क्राईम मालिकांनी नाव घरोघरी पोचवलं हे खरंच, पण शिकायची सोयही हाकेच्या अंतरावर आली आहे. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या (एनएफएसयू) धारवाड कॅम्पसची पायाभरणी 28 जानेवारी 2023 रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाली. बेळगावहून धारवाड जेमतेम 75-80 किलोमीटर. म्हणजे मुलगी एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी घरी येऊ शकेल, एवढं अंतर.

प्रवेश मिळेल, डिग्रीही मिळेल. पुढं नोकरीच्या वेळी मात्र राज्याची हद्द आडवी येते. ही गोष्ट प्रवेश घेतानाच माहीत असलेली बरी.

मागणी वाढली, ती कायद्यामुळं

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. या दुसऱ्या कायद्यातलं कलम 176(3) विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या प्रत्येक गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं ते सांगतं. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे 2029 च्या मध्यापर्यंत.

त्याच कलमात सीमाभागाला लागू पडणारी आणखी एक तरतूद आहे. राज्यात फॉरेन्सिकची सोय नसेल तर ती होईपर्यंत दुसऱ्या राज्याची सोय वापरता येईल. फॉरेन्सिकपुरती तरी राज्यांनी एकमेकांची मदत घ्यावी, हे कायद्यानंच मान्य केलं आहे.

बेळगावला कर्नाटकाची प्रादेशिक फॉरेन्सिक प्रयोगशाळा आहे, कोल्हापुरात महाराष्ट्राची आहे. कर्नाटकानं घटनास्थळी जाणाऱ्या 'सीन ऑफ क्राईम ऑफिसर'ची 206 पदं भरली. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं फॉरेन्सिक सुविधा वाढवायला 2254.43 कोटींची योजना मंजूर केली. म्हणजे पैसा आणि कायदा दोन्ही आलेत. प्रश्न आहे तो कायम पदांचा. व्हॅन आणि इमारती उभ्या राहिल्या तरी त्यात काम करणारा माणूस कंत्राटी की कायम, हे ज्या त्या राज्याचं गृहखातंच ठरवणार.

बी.ए. की बी.एस्सी.? इथंच पहिली फसगत

'क्रिमिनॉलॉजी' आणि 'फॉरेन्सिक' ही नावं जोडीनं घेतली जातात, त्यामुळं पालकांना दोन्ही एकच वाटतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्सचा पदव्युत्तर विभाग पूर्वीपासून आहे. विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बी.ए.लाही क्रिमिनॉलॉजी घेता येतं. विषय चांगला आहे. गुन्हा का घडतो, पोलीस आणि तुरुंग कसे चालतात, पीडिताचं काय होतं, हे त्यात शिकवतात. पण प्रयोगशाळेतल्या नोकरीला रसायन, जीव किंवा भौतिकशास्त्राची पदवी लागते. आर्ट्सच्या पीयूसीवरून तिकडं जायची वाट जवळपास बंदच.

म्हणून प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर पीयूसीलाच सायन्स घ्यावं लागतं. एनएफएसयूच्या पाच वर्षांच्या एकत्रित बी.एस्सी.-एम.एस्सी. फॉरेन्सिकलाही बारावी सायन्सच लागते. प्रत्येक कॅम्पसवर सगळे कोर्स नसतात, तेव्हा धारवाडला त्या वर्षी काय सुरू आहे ते माहितीपत्रकात बघूनच फॉर्म भरावा. फोंड्याजवळ कुर्टीलाही याच विद्यापीठाचा कॅम्पस आहे, खानापूर-कारवारच्या मुलांना तोही फार लांब नाही. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत.

मग बी.ए. क्रिमिनॉलॉजीवाल्यानं काय करायचं? त्याच्यासाठी कायदा, पोलीस भरती, तुरुंग आणि प्रोबेशन, समाजकार्य, अध्यापन हे मार्ग आहेत. यूजीसी-नेटच्या यादीत क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिक सायन्स हे दोन वेगळे विषय आहेत, त्यामुळं प्राध्यापकीचा रस्ताही खुला आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत (टिस) क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस या शाखेत समाजकार्याचं एम.ए. करता येतं. कैद्यांसाठी काम करणारा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 मध्ये याच संस्थेतून सुरू झाला.

हे काम किती मोठं आहे ते आकड्यांवरून कळतं. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन जण निकालाच्या वाटेवर. धारवाडला आणि बेळगावच्या हिंडलग्यात मध्यवर्ती कारागृह आहे. कच्च्या कैद्याला त्याच्या भाषेत त्याची केस समजावून सांगणारा माणूस सीमाभागात तर हवाच हवा. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात कॉलेजात असतानाच स्वयंसेवक म्हणून शिरता येतं. पगार नाही मिळत, पण अनुभव मिळतो.

वकिलीचा रस्ता लांब, पण जवळचा

कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठ 2009 पासून हुबळीच्या नवनगरमध्ये आहे. उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ 2008 मध्ये फिरतं म्हणून सुरू झालं आणि 2013 मध्ये कायम झालं. कायद्याचं शिक्षण आणि हायकोर्ट एकाच जुळ्या शहरात, ही सोय पूर्वी बंगळूरला गेल्याशिवाय नव्हती. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहेच.

पण न्यायाधीश व्हायची घाई असेल तर ध्यानात ठेवा, 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली आहे. पीयूसीनंतर पाच वर्षं लॉ आणि वर तीन वर्षं प्रॅक्टिस. तेवढी वर्षं कळ काढायची घरच्यांची तयारी आहे का, ते आधी बघावं.

आता सीमेचा मुद्दा

एनएफएसयू केंद्राचं, त्यामुळं तिथं प्रवेश देशभरातल्यांना. नोकरी मात्र बहुतेक राज्याची, आणि प्रत्येक राज्याची अट निराळी.

कर्नाटकात कन्नड लागतंच. पीएसआय भरतीच्या पहिल्या पेपरात निबंध, सारांश आणि भाषांतर असतं. मराठी शाळेतून आलेला मुलगा ऑब्जेक्टिव्ह पेपरात पुढं असला तरी इथं मागं पडतो. भाषेच्या राजकारणावर आपलं मत काही असू दे, बेळगाव-हुबळीत राहून खाकी घालायची असेल तर कन्नड लिहिता आलं पाहिजे.

महाराष्ट्रात सीमाभागासाठी एक सवलत आहे, पण ती बऱ्याच जणांना फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कळते. महाराष्ट्रानं दावा केलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना तिथल्या सरकारी भरतीत रहिवासाच्या अटीसाठी ग्राह्य धरतात. त्यासाठी त्या गावात 15 वर्षं वास्तव्य असल्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी भागातल्या मुलांनी तो आधीच काढून ठेवावा.

हुबळी आणि धारवाड मात्र या 865 मध्ये नाहीत. तीन-तीन पिढ्या हुबळीत काढलेल्या मराठी घरातल्या मुलाला ही सवलत लागू होत नाही, तर त्याच्याच वर्गात बसणाऱ्या खानापूरच्या मुलाला होते. घरची भाषा एक, वर्ग एक, पण नोकरीच्या वाटा दोन. या कुटुंबांचा विचार सीमाप्रश्नाच्या बैठकांत कुणी करताना दिसत नाही.

गोव्यात 15 वर्षांचा रहिवास आणि कोकणी येणं आवश्यक, मराठी असल्यास बरं, अशी अट असते. तेव्हा कुर्टीला शिकलो म्हणून गोवा सरकारात लागलो, असं होत नाही.

उरतं केंद्र. केंद्रीय फॉरेन्सिक प्रयोगशाळा पुणे आणि हैदराबादलाही आहेत, तिथं राज्याची अट नाही. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांतून सीबीआय आणि एनआयएमध्ये सबइन्स्पेक्टर होता येतं, पदवी कुठलीही चालते. केंद्रीय दलांच्या कॉन्स्टेबल भरतीची परीक्षा 2024 पासून मराठी आणि कन्नडमध्येही देता येते.

एकाच परीक्षेवर बसू नका

545 पीएसआय पदांचं प्रकरण हुबळी-धारवाडमधल्या अभ्यासिकांना चांगलं ठाऊक आहे. परीक्षा ऑक्टोबर 2021 मध्ये झाली. घोटाळा उघड झाला आणि एप्रिल 2022 मध्ये भरती रद्द. फेरपरीक्षा झाली ती थेट 23 जानेवारी 2024 ला. प्रामाणिकपणे पास झालेल्यांचीही दोनेक वर्षं पाण्यात गेली. म्हणून एका हाताला राज्याची परीक्षा असली तर दुसऱ्या हाताला लॉ, एम.ए., नाहीतर केंद्राची परीक्षा असलीच पाहिजे.

यंदा, 2026 ला पीयूसी पास झालेला विद्यार्थी तीन वर्षांची पदवी 2029 ला घेईल. नेमकी तेव्हाच राज्यांची कलम 176(3) ची मुदत संपते. तोवर पदं किती निघणार, त्याला कुठली पदवी चालणार, हे दोन्ही राज्यांनी आत्ताच जाहीर करायला हवं. आपल्या आमदारांना विचारायचा प्रश्न हाच आहे. आणि पोरांनी तोवर एक गोष्ट करावी: कन्नड आणि मराठी, दोन्हींत जबाब लिहून घेता येईल इतकी तयारी. गुन्हेगार हायवेनं तासाभरात राज्य बदलतो. दोन्हीकडची कागदपत्रं वाचू शकणारा माणूस दोन्हीकडच्या पोलिसांना लागणारच आहे.