आसूदच्या घरी उतरल्यावर

दापोलीकडच्या घरगुती निवासांची चौकशी करणारा पहिला प्रश्न विचारतो तो समुद्राचा. घरातून लाट दिसत नसेल तर पुष्कळांचा बेत तिथेच फिसकटतो. या अंकातला मुख्य लेख मात्र आसूदच्या वाडीत मुक्काम ठोकतो, आणि तो निर्णय योग्य वाटतो.

इथली खरी मजा चालण्यात आहे. पोफळींच्या दाट सावलीतून वाट ओढ्यावरच्या छोट्या पुलाकडे उतरते, मग पायऱ्या चढत केशवराजाच्या देवळापाशी पोहोचते. अंगणातल्या गोमुखातून वाहणारं पाणी वरच्या डोंगरातून दगडी पन्हळीने आणलेलं आहे. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ याच मुलखात घडते. वाचलेली असेल तर पावलं आपोआप मंदावतात.

जेवणाचं आधी सांगून ठेवावं लागतं, कारण यजमानीणबाई नारळ खवायला घेतात त्या पानं मोजूनच. वालाचं बिरडं, फणसाची भाजी, सोलकढी. मोदक हवे असतील तर आदल्या रात्रीच बोलावं.

मासे खाणाऱ्यांनी हर्णै बंदरावरचा लिलाव गाठावा. गलका, घासाघीस, वास, सगळंच भरपूर! समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. जून-जुलैत मात्र मासेमारी बंद.

एक दिवस पन्हाळेकाजीच्या 29 लेण्यांसाठी राखावा. कोटजाई नदीकाठी बौद्ध, शैव आणि नाथपंथीय खुणा एकाच डोंगरात सापडतात, आणि गर्दी अजून तिकडे फारशी वळलेली नाही.