झाकल्या नळाची मूठ

नवे न्हाणीघर बांधताना हल्ली घरोघरी एकच हौस दिसते : पाइप म्हणून काही दिसता कामा नये! चकचकीत टाइल्स, त्यांत एक दांडी, वर शॉवर. बाकी सारा संसार भिंतीच्या पोटात. दिसायला देखणे खरे. पण 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण नळाला लावताना जरा जपावे. ही मूठ गळू लागली, तर टाइल्स फोडूनच उघडावी लागते. आणि तोवर पाणी पलीकडच्या खोलीच्या गिलाव्यात उतरलेले असते.

नोकरीपायी मुंबई-पुण्यास राहून जालना जिल्ह्यातल्या धावड्यासारख्या गावी घर बांधणाऱ्यांनी तर दुप्पट विचार करावा. घर महिनोन्‌महिने बंद, गळती पाहायला कोणी नाही; आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी भिंतीला पाजणे परवडायचे नाही.

मग करावे काय? आधी भिंत पाहावी. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून खोल नसावी. नऊ इंची भिंतीत तीन इंच मिळतात. साडेचार इंचीत दीडच. तिथे व्हॉल्व्ह दडवण्याचा हट्ट धरू नये.

दुसरी गोष्ट खोलीची. गवंडी विटेपासून माप घेतो, आणि घोटाळा तिथेच होतो. माप धरायचे ते टाइलच्या बाहेरच्या तोंडापासून. गिलावा, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून सहज इंचभर जाडी होते. व्हॉल्व्हच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. तयार टाइल त्यांच्यामध्ये यावी. व्हॉल्व्ह फार आत गेला तर दांडी बसत नाही. फार बाहेर आला तर तबकडी भिंतीला टेकत नाही. पाणसळ लावावी. गरम पाणी डावीकडे, गार उजवीकडे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची : परीक्षा झाल्याशिवाय झिरी बुजवू देऊ नये. आधी पाइपांतून पाणी सोडून वाळूचे कण धुऊन काढावेत. मग तोंडे बंद करून हातपंपाने दाब द्यावा आणि रात्रभर ठेवावे. सकाळी काटा खाली आला असेल, तर गवंड्याला चहा पाजून बसवावे, पण सिमेंट कालवू देऊ नये! झिरी उघडी असतानाच टेप धरून मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे खिळा ठोकताना तोच वाचवील.

टाकीची उंचीही मोजावी. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो. टाकी शॉवरच्या तीन मीटर वर असेल, तर दाब याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह मागून घ्यावा.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकात मलिक अंबरने नहर बांधली. तीही जमिनीखालून, झाकलेली. पण आत उतरून पाहता यावे म्हणून तिला ठिकठिकाणी तोंडे ठेवली होती. पाणी झाकावे, पण डोळे मिटून नव्हे, हेच त्यातले मर्म. आपणही न्हाणीघराबाहेर, हाताशी येईल असा एक बंद करायचा कॉक ठेवावा. तबकडीच्या कडेला वरून व बाजूंनी सिलिकॉन भरावे, खालची फट मोकळी सोडावी. आत गळती झाली, तर पहिला थेंब तिथून बाहेर येईल आणि टाइलवर दिसेल.